तोंडावरचा हात

८ मे १९३८, रविवार

बर्था,

तुझं पत्र पिलिंगबाईंनी पिठाच्या पुड्याखाली सरकवून दिलं. "तुझ्या आईचं पीठ गं," असं मोठ्यानं म्हणाल्या आणि नुसत्या ओठांनी म्हणाल्या, "कॉव्हेंट्री." दुकानात चार बायका होत्या. चौघीही गिरणीतल्या, चौघींनीही ते ओठांवरून वाचलं असणार. कुणी तसं दाखवलं नाही. एकीनं फक्त साबणाचा भाव विचारला.

तीन आठवडे उत्तर का नाही म्हणून रागावलीस. अक्षर वाईट आहे म्हणून, असं समज.

हो, शाळा सुटली. गेल्या वर्षी चौदा पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या सोमवारी साचेखात्यात उभी राहिले. आधी अ‍ॅगी हॅस्लमच्या हाताखाली होते, आता माझे स्वतःचे दोन माग आहेत. तुला गंमत सांगू? शाळेत बाई म्हणायच्या, आयव्ही हॅलीवेल, तुझा आवाज घरी राहिला का? आता तर कुणालाच कुणाचा आवाज ऐकू येत नाही, सहाशे माग एकदम चालतात, त्यामुळे मी दिवसभर बोलते. अ‍ॅगी म्हणते, "ही म्हणे लाजाळू! भोंगा झाला की हिची वेगळीच गिरणी सुरू होते." ओठांनी बोलायला मला काहीच वाटत नाही. बाहेर आले की पुन्हा तेच, मान खाली आणि गळा बंद.

घरोघरी माणसं मोजणारा आला होता, लढाई झालीच तर गॅसचे मुखवटे वाटायचे आहेत म्हणून. बाबांना विचारलं, "घरात किती?" बाबा म्हणाले, "तीन." तो लिहायला लागला तर पुन्हा म्हणाले, "तीनच." त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. आई तेव्हा चुलीकडे तोंड करून उभी होती, त्यामुळे तिला कळलं नाही. किंवा कळलं. तिचे कान आता जवळजवळ गेलेत, तीस वर्षं माग ऐकून ऐकून. आम्ही घरीही ओठांनीच बोलतो. बाबा एकटे मोठ्यानं बोलतात. बॉयलरवाल्याला ओठबोली कशाला येणार, त्यांच्यासमोर नुसती आग असते.

तू लिहिलंस, जुलैच्या सुट्टीत मला न्यायला येशील, कॉव्हेंट्रीत तुमच्या रेडिओच्या कारखान्यात माझ्यासाठी बोलून ठेवलंयस, खिडकीजवळची जागा. खिडकीजवळ बसून काम करतात हेच मला खरं वाटत नाही.

आणि तू लिहिलंस, "त्या घरात तू एकटीच, जिनं मला दगा दिला नाही." ते वाचून मी पत्र घडी करून परत पिठाच्या पुड्यात ठेवलं. आता त्याला पिठाचा वास येतो.

सेथबद्दल लिहिलेलं आईला दाखवलं नाही. तो अजून आमच्याच खात्यात जॉबर आहे, माझेही माग तोच दुरुस्त करतो. जॉबरवरचे विनोद अजून संपले नाहीत. परवाचा नवा, घड्याळ मागे पडतं म्हणून एका जॉबरनं ते भिंतीवरून काढून फूटभर पुढे ठोकलं. सेथनं स्वतःच सांगितला.

येणार की नाही ते पुढच्या पत्रात.

आयव्ही


२९ मे, रविवार

बर्था,

एवढं मोठं पत्र आणि त्यात चार वेळा "येतेस ना?"

यायचंय. खरंच सांगते. संध्याकाळी गिरणी सुटल्यावर मी घरी सरळ जात नाही, कालव्यावरून स्टेशनापर्यंत जाते आणि परत येते. रोज. अ‍ॅगी म्हणाली, "कोण आहे गं तो?" मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, "कुणी नसलेल्यासाठी बूट फार झिजवतेस." इथं मला बसवत नाही. उंबऱ्याची पायरी घासायला बसले तर मध्येच उठते. आईनं परवा पाहिलं, अर्धी पायरी पिवळ्या दगडानं रेखलेली आणि अर्धी तशीच. म्हणाली, "लोक काय म्हणतील, अर्ध्या घराला लाज आहे आणि अर्ध्याला नाही?"

तुला सगळ्यांत जास्त राग कुणाचा येतो ते विचारते. बाबांचा की सेथचा? बाबांनी दार उघडून धरलं आणि "जा" म्हणाले, ते मी जिन्यावरून पाहिलं. पण तू पत्रात बाबांबद्दल एक ओळ लिहितेस आणि सेथबद्दल पानभर. लांब जिभेचा. दोन तोंडांचा. "मी जगात एकालाच सांगितलं आणि त्यानं गावाला सांगितलं." दर पत्रात हेच. मी तुझी पत्रं ठेवलीत म्हणून मोजता येतात.

येत्या १२ तारखेला चॅपलमध्ये प्रवचनांचा रविवार. पोरींचे पांढरे झगे घरोघरी दोरीवर लटकलेत. गायला मोठ्या पोरींच्या रांगेत उभी राहा म्हणून संडे-स्कूलचे ग्रीनहाल्ग मागे लागलेत. मी नाही म्हटलं. बाबा चिडले. "नऊ वर्षांची असताना उभी राहिलीस ती शेवटची! दर वर्षी काहीतरी. या वर्षी काय?"

मी म्हटलं, पाय दुखतो.

"कुठला?"

मी उजवा दाखवला. नंतर दिवसभर चुकून डावा ओढत होते. आईनं पाहिलं.

जुलैचं अजून नक्की सांगत नाही. रागावू नकोस.

आयव्ही


१२ जून, रविवार

बर्था,

हे पत्र टाकणार नाही, म्हणून यात लिहिते.

आज सगळे चॅपलला गेलेत. माझा पाय दुखतोय.

सहा वर्षांपूर्वीचं तुला आठवत असेल तसं सांगते, म्हणजे मी कुठं होते ते कळेल. फेब्रुवारीपासून संप. एकेका विणकरणीला चारऐवजी सहा माग देणार म्हणाले, म्हणून सगळं साचेखातं बाहेर. बाबा विणकर नसूनही बाहेर पडले, स्वतःच्या हातानं बॉयलरची आग विझवून. मालकानं परक्या गावचा बॉयलरवाला आणला आणि मागच्या फाटकातून थोडे लोक घेऊन थोडे माग चालवायला लागला. मे महिन्यात आईच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाला, खोली गरम ठेवा. कोळसा नव्हता. मग एका दिवशी कोळसा आला. बाबांना वाटलं चॅपलनं दिला.

तू मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होतीस आणि सेथ पलीकडे उभा होता. बाबा स्वयंपाकघरात, म्हणून तुम्ही ओठांनी बोललात. मी कोळशाच्या कोठीवर बसले होते. तू म्हणालीस, "तीन दिवस. मागच्या फाटकानं. आईला बरं वाटलं की पुन्हा नाही जाणार. कुणाला बोलू नकोस." मी अख्खं वाचलं. एकेक शब्द नाही, अख्खं, मोठ्या बायका वाचतात तसं. पहिल्यांदाच जमलं होतं. मला इतका आनंद झाला की तू काय म्हणालीस त्याचं काही वाटलंच नाही.

मग प्रवचनांचा रविवार. आम्ही पोरी पांढऱ्या झग्यात पायऱ्यांवर उभ्या, समोर अख्खं चॅपल. आई आजारपणानंतर पहिल्यांदा आलेली, तू घरी. स्तोत्र चालू होतं. बाबा आईशेजारी डोळे मिटून खर्जात गात होते. आईनं मला ओठांनी विचारलं, "बर्था कुठे?"

मी म्हटलं, "झोपलीय."

"का?"

"दमली. तीन दिवस मागच्या फाटकानं गिरणीत गेली ना. कोळशासाठी."

आवाज केला नव्हता. म्हणजे गुपितच राहिलं, असं मला वाटलं. आपण ज्याच्याकडे बघून बोलतो त्यालाच दिसतं असं वाटायचं मला. नऊ वर्षांची होते. माझ्यासमोर तीनशे विणकर बसले होते, आणि सगळे पोरींचे पांढरे झगे बघत होते.

आधी मागच्या रांगेतल्या बायका गायच्या थांबल्या. मग त्यांच्या पुढच्या. मग गॅलरी. रांगेमागून रांग गप्प झाली. शेवटचं कडवं फक्त पाद्री, ऑर्गनवाला आणि बाबा एवढेच म्हणत होते. बाबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि आणखी जोरात गायले. त्यांना वाटलं लोक शब्द विसरले.

बाहेर अंगणात कुणी त्यांचा हात हातात घेईना. ते विचारत होते, "काय झालं? मला कुणी सांगेल का?" कुणीतरी सांगितलं. अख्ख्या चॅपलमध्ये स्वतःच्या घरची गोष्ट त्यांनाच शेवटी कळली.

पुढचं तुला माहीत आहे. मंगळवारी तू गेलीस. तुझ्याशी बोलायला कुणी उरलंच नव्हतं, मग कोणाच्या तोंडून फुटलं ते तुला कोण सांगणार? तू एकालाच सांगितलं होतंस, म्हणून तोच.

आईनं मला कधी विचारलं नाही. गावानंही कधी टोमणा मारला नाही. तेच जास्त वाईट होतं. दुकानात गेले की मला बिस्किट द्यायचे.

आता चॅपल सुटेल. भाजी चुलीवर ठेवायची आहे.


त्याच कागदावर, १६ जून, गुरुवार

आज दुपारी दुसऱ्या मागावर धोटा उडाला, मागाचा पट्टा तुटला. सेथ आला. खाली वाकून पट्टा बसवत होता, त्याच्या डोक्यावर वर एवढीशी गोल जागा रिकामी दिसते आता. तो उठला आणि मी एकदम म्हटलं. ओठांनी. "ती मी होते. चॅपलमध्ये."

त्यानं हात पुसले. "माहितीय की. मी गॅलरीत होतो."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"दोनदा गेलो. दोनदा खिडकी लावून घेतली तिनं. आणि सांगणार काय होतो? की मी नाही गं, तुझ्या नऊ वर्षांच्या बहिणीनं केलं? तिला तुझ्याशिवाय राहिलं कोण होतं?" मग हसला. "जॉबर म्हणजे शिव्या खाणारच. आणखी एकीच्या."

"आता सांगू?"

"माझ्यासाठी नको. मला टक्कल पडलं, आता कुणासाठी काय." आणि पान्यानं मागावर टकटक केलं, म्हणजे चालू कर. पलीकडून अ‍ॅगी आमच्याकडेच बघत होती. तिनं लगेच मान फिरवली आणि तुटलेला धागा शोधायला लागली. तिचा एकही धागा तुटला नव्हता.


१९ जून, रविवार

बर्था,

येते. ९ जुलै, शनिवार, सकाळची गाडी. आम्ही सगळे सुट्टीला ब्लॅकपूलच्या समुद्रावर निघणार, म्हणून अख्खं गाव या प्लॅटफॉर्मवर असेल. तू लिहिलंस तसं, तू समोरच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहा, गावात पाय टाकू नकोस. मी पुलावरून येईन. माझं सामान एका खोक्यात मावतं.

तुझ्या खिडकीजवळच्या जागेबद्दल थँक्यू. आणखी काही सांगायचं नाही.

आयव्ही


१३ जुलै, बुधवार, ब्लॅकपूल

बर्था,

सोबतचा कागद आधी वाच, १२ जूनचा. टाकायचा नव्हता, आता टाकते.

शनिवारी तू काय काय पाहिलंस माहीत नाही, मधे दोन रुळ होते आणि नंतर तुझी गाडी. म्हणून इकडचं लिहिते.

गिरण्यांचा धूर बंद झाला की सुट्टीच्या पहिल्या दिवशी टेकड्या दिसतात, तशा त्या दिवशी दिसत होत्या. प्लॅटफॉर्मवर पत्र्याच्या पेट्या, पोरांच्या हातात फावडी, पिलिंगबाई पिसांच्या टोपीत. बाबांनी पेटीवर बसून पाइप भरला. मी खोका आईच्या शालीखाली ठेवला होता. आईनं तो पाहिला. ती शालीचं टोक आणखी खाली ओढून बसली.

मग तू दिसलीस. हिरवी टोपी. आमच्या बाजूला सगळ्या बायका एकदम पावसाबद्दल बोलायला लागल्या, आभाळ स्वच्छ असून.

मी खोका घेतला आणि पुलाच्या पायरीपर्यंत गेले. तू ओठांनी म्हणालीस, "ये. गाडी येईल." मी एक पायरी चढले. मग तुझी नजर गर्दीच्या टोकाला गेली आणि तू म्हणालीस, "तो लांब जिभेचा अजून आहे वाटतं."

खोका घेऊन तुझ्याकडे आले असते तर तू मला मिठी मारली असतीस. गाडीत सेथबद्दल आणखी बोलली असतीस, आणि मी खिडकीबाहेर बघत हो हो म्हटलं असतं. तसंच खिडकीजवळ बसून आयुष्यभर हो हो.

मी खोका खाली ठेवला. या वेळी कोण कोण वाचणार ते मला माहीत होतं.

"तो नव्हता. मी होते. पांढऱ्या झग्यात, पायरीवरून, आईला सांगितलं. सगळ्यांनी माझ्या तोंडावरून वाचलं."

आमचा प्लॅटफॉर्म गप्प झाला, बर्था, तसाच, रांगेमागून रांग. पोरं तेवढी ओरडत होती. पिलिंगबाईंनी टोपी काढली, का कोण जाणे. आणि सेथ माहितीये काय करत होता? पाठ करून उभा राहिला. वेळापत्रकाच्या पाटीकडे तोंड. तुझं उत्तर त्याला वाचायचं नव्हतं, ते तुझं तुझं असावं म्हणून. सगळ्या गावात एकटा तोच वळला.

आणि तू तोंडावर हात ठेवलास.

मी बघत राहिले. हाताच्या मागे तू काहीतरी बोलत होतीस, गाल हलत होते. काय ते कुणालाच कळलं नाही. मी बायकांकडे पाहिलं, त्याही एकमेकींकडे बघत होत्या.

तेवढ्यात मागून बाबा. "काय झालं? सगळे असे गप्प का? तिकडे कोण आहे?" त्यांना लांबचं नीट दिसत नाही आता. "मला कुणी सांगेल का?" म्हणाले. तोच आवाज, चॅपलच्या अंगणातला. अ‍ॅगीनं त्यांच्या बाहीला हात लावला आणि तोंड उघडलं. मी तिला थांबवलं.

मग मी सांगितलं. ओठांनी नाही, आवाजानं. तिकडे बर्था आहे बाबा. सहा वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं, सेथनं नाही. ती कोळशासाठी गेली होती, आईच्या खोलीसाठी. तुम्ही गात होतात तेव्हा सगळ्यांना कळलं ते माझ्यामुळे. सुरुवातीला आवाज फाटला, मग इतका मोठा झाला की समोरच्या हमालानं मान वर केली. तुलाही ऐकू गेला का गं? मी एवढ्या मोठ्यानं कधीच बोलले नव्हते.

बाबांनी पाइप खिशात टाकला, पेटलेला. आईनं तो बाहेर काढला. ते पूल चढायला लागले. छाती भरते म्हणून चार चार पायऱ्यांवर थांबत होते. मधोमध पोचले आणि तुझी गाडी आली. वाफ वर गेली, त्यात ते दिसेनासे झाले. गाडी गेली तेव्हा तुझा प्लॅटफॉर्म रिकामा होता आणि बाबा पुलावर टोपी हातात धरून उभे होते.

ते खाली आले. आमची गाडी लागली होती, सुटायची वेळ होऊन गेलेली, पण पिलिंगबाई दारात एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून गार्डला सांगत होत्या, "मला चक्कर येतेय, थांबा जरा." बाबा डब्यात बसले. तीन स्टेशनं झाली तेव्हा म्हणाले, "टोपी छान होती तिची."

आई म्हणाली, "हिरवी."

"मला दिसली," बाबा म्हणाले.

त्यानंतर मला ते रागावतील म्हणून मी वाट बघतेय. रागावले नाहीत. चांगलेही बोलले नाहीत. काल किनाऱ्यावर माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "चॅपलमध्ये तर मी सूर चुकलो नव्हतो ना?" मी म्हटलं, नाही. "मग ठीक," म्हणाले, आणि शिंपले उचलून खिशात टाकत बसले.

माझा खोका सेथनं घरी नेऊन ठेवलाय. तो ब्लॅकपूलला आला नाही. गाडीपर्यंत आला आणि चढला नाही. एवढंच सांगते, त्याच्याबद्दल मी आता एक अक्षर जास्त सांगणार नाही, तुझं तू विचार.

मला अजून तिकडे यायचंय. तुला मी नकोशी झाले असेन तर तसं लिही, कालव्यावरून स्टेशनापर्यंत मी तरीही जाईन. पण येईन तेव्हा खोका शालीखाली नसेल.

आता एक गंमत. इथल्या भाड्याच्या खोलीत कपाटाला मोठा आरसा आहे. सोमवारपासून बाबा जेवणानंतर त्याच्यासमोर उभे राहतात आणि आई त्यांना ओठबोली शिकवते. साठीला आलेला माणूस, गाईसारखं तोंड चालवतो. आई हसून हसून पलंगावर बसते. घरमालकीण दोनदा विचारून गेली, बरं आहे ना सगळं. आईनं विचारलं, पहिला शब्द कुठला शिकवू? त्यांना वाटलं मी झोपलेय. त्यांनी तुझं नाव सांगितलं. ते सोपं आहे, सुरुवातीला ओठ मिटतात, मग उघडतात, लांबूनही दिसतं. आईनं दहा वेळा करून घेतलं. मिटतात वेळेवर, उघडायला उशीर करतात.

पुन्हा त्या प्लॅटफॉर्मवर येशील तेव्हा पलीकडेच उभी राहा हवं तर. गावात पाय टाकू नकोस. बाबा पुलावर येऊन तुला काही म्हणतील आणि तू काय म्हणतेस ते वाचायचा प्रयत्न करतील. त्यांना फार येत नसेल, सावकाश बोल.

फक्त तोंडावरचा हात काढ.

आयव्ही